आधी नाव ठेवतात, मग नावं ठेवतात

व्हॅनेसा नावाच्या बाईला कोणी हसत नाही. गेम ऑफ थ्रोन्स ह्या टीव्ही मालिकेतलं खलीसी हे नाव असलेल्या मुलीला मात्र पोरंच काय मोठी माणसंही हसतात, आणि हसून झालं की तिच्या आईबापांना नावं ठेवतात. आता गंमत बघा, दोन्ही नावं सारखीच बनावट आहेत. दोन्ही कुठल्या तरी लेखकाने बसून जुळवलेली, आजी-पणजीकडून चालत आलेलं त्यात काहीच नाही. फरक एवढाच की एकाला तीनशे वर्षं होऊन गेलीत आणि दुसरं अजून तिशीच्या आसपास घुटमळतंय.

व्हॅनेसाचं काय झालं ते आधी सांगतो. गलिव्हरच्या सफरी लिहिणारे जोनाथन स्विफ्ट, त्यांची एक तरुण मैत्रीण होती, एस्थर व्हॅनहॉम्री. तिच्या आडनावातलं व्हॅन घेतलं, एस्थरचं लाडाने एसा केलं, दोन्ही चिकटवलं, झालं व्हॅनेसा. १७१३ च्या आसपास त्यांनी तिच्यावर एक लांबलचक कविता लिहिली, ती छापली गेली १७२६ ला, तोपर्यंत ती बिचारी वारली पण होती, आणि नाव मात्र बाहेर पडलं ते पडलंच. आज हे नाव ठेवणाऱ्या शंभरातल्या एकालाही हे माहीत नसणार, आणि माहीत असायची गरजही नाही, हाच तर मुद्दा आहे पुढचा.

वेंडीचंही असंच. १९०४ ला लंडनमधे पीटर पॅनचं नाटक आलं त्याआधी वेंडी हे नाव नोंदींमधे शोधूनच काढावं लागतं, जवळपास नव्हतंच म्हणा ना. नाटककार जे. एम. बॅरी यांच्या कवी मित्राची एक छोटी मुलगी होती, ती बॅरींना लाडाने 'फ्रेंडी' म्हणायची, पण तिला र म्हणता यायचा नाही म्हणून ते व्हायचं 'फ्वेंडी', त्यातून वेंडी. ती मुलगी पाच-सहा वर्षांची असतानाच गेली. म्हणजे एका बोबड्या शब्दावरून लाखो बायकांची नावं पडलीत.

आणि नुसतं बोबडंच नाही, चुकासुद्धा नावं होतात. सेड्रिक हे नाव वॉल्टर स्कॉट यांच्या आयव्हॅन्हो कादंबरीतून आलं, जुन्या इंग्लिश इतिहासातला राजा खरा होता सर्डिक, अक्षरं इकडची तिकडे झाली आणि सेड्रिक जन्माला आला. इमोजेन हे नाव तर बहुतेक अभ्यासकांच्या मते सरळ छपाईची चूक आहे, शेक्सपिअरच्या मनात होतं इनोजेन, १६२३ च्या छापील प्रतीत दोन न चा म झाला. आता विचार करा, पुरुफ तपासणाऱ्याची डुलकी चारशे वर्षं जन्मदाखल्यांवर फिरतेय!

तेव्हा "हे काय नाव आहे का" असं कोणी म्हणालं तर त्याला सांगावं की बाबा आज जी नावं तुला नाव वाटतात त्यातली कितीतरी एके काळी नाव नव्हतीच.

बरं मग प्रश्न असा की सगळीच बनावट नावं अशी मुरत का नाहीत? मालिका तुफान चालते, सिनेमा जगभर गाजतो, पण त्यातलं एखादंच नाव लोक पोरांना ठेवतात आणि बाकीची तशीच पडून राहतात. साधारण समज असा की जितका सिनेमा मोठा तितकं नाव पसरणार. पण ते तसं नाहीये, आणि ह्यावर लोकांनी व्यवस्थित काम केलंय. स्टॅन्ली लीबरसन नावाचे समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी २००० ला ह्यावर पुस्तकच लिहिलं, आणि त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नावांची फॅशन बऱ्याच अंशी स्वतःच्याच जोरावर फिरते, बाहेरच्या घटना तिला फक्त धक्का देतात. सिनेमातलं नाव वर जाताना दिसतं तेव्हा बरेचदा ते नाव किंवा त्याच्यासारखी नावं आधीपासूनच वर चाललेली असतात, सिनेमा त्या चालत्या गाडीत चढतो आणि श्रेय घेतो.

ह्यातलं मुख्य काम करतो आवाज. २०१२ ला जोना बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नावांचा अभ्यास छापला, त्यात असं दिसलं की एखादा आवाज कानावर सारखा पडत राहिला की त्या आवाजाची *दुसरी* नावं पण वाढतात. त्यांचं गाजलेलं उदाहरण कत्रिना वादळाचं आहे. २००५ मधे एवढं भयंकर वादळ आलं, आता मुलीचं नाव कोण कत्रिना ठेवेल, पण त्यानंतर क ने सुरू होणारी बाकीची नावं ९ टक्क्यांनी वाढली. कोणी ठरवून केलं नाही हे. सतत क क क ऐकून कानाला तो आवाज ओळखीचा झाला आणि ओळखीचं ते बरं वाटायला लागलं, पण अगदी तेच नाव नको.

हे एकदा डोक्यात बसलं ना की बाकीची कोडी पटापट सुटतात. मॅडिसनचं घ्या. १९८४ च्या स्प्लॅश सिनेमात एक जलपरी न्यूयॉर्कमधे येते, तिला नाव हवं असतं, ती रस्त्यावरची मॅडिसन अव्हेन्यूची पाटी बघून म्हणते हेच माझं नाव, आणि तिचा हिरो तिला म्हणतो की अगं हे नाव नाहीये. सिनेमातला विनोदच तो होता! मुळात ते आडनाव, त्यातला सन म्हणजे मुलगा. पण पुढे काय झालं, २००१ ला मॅडिसन अमेरिकेत मुलींच्या नावांमधे दुसऱ्या नंबरवर होतं. मधे सतरा वर्षं गेली, तोवर ठेवणाऱ्यांपैकी कित्येकांनी तो सिनेमा बघितलाही नसेल. मग चाललं का? कारण अ‍ॅलिसनसारखी शेवटी सन येणारी नावं मुलींना आधीच होती, लाडाने मॅडी म्हणता येत होतं, आडनावं पहिलं नाव म्हणून ठेवायची फॅशन जोरात होती. जलपरीने फक्त दार उघडून दिलं.

नेव्हाया नावाची कथा तर ह्याहून वेगवान. स्वर्गाला इंग्लिशमधे हेवन म्हणतात, त्याचं स्पेलिंग उलटं लिहिलं की हे नाव होतं. अमेरिकेत १९९९ ला जेमतेम आठ मुलींचं हे नाव होतं, २००० मधे एका रॉक गायकाने एमटीव्हीवर सांगितलं की माझ्या मुलीचं नाव हे, आणि २००५ ला ते सत्तराव्या नंबरवर. (उलटं नाव ही काही नवीन युक्ती नाही हां, सोव्हिएत रशियात मुलींना निनेल नाव ठेवायचे, म्हणजे लेनिन उलटा. देव असो की क्रांती, आईबाप तेच.)

आता खलीसीकडे येऊ. गेम ऑफ थ्रोन्स ही मालिका २०११ ला सुरू झाली, २०१९ ला संपली. खलीसी हे त्यात कोणाचं नावच नाही, ती पदवी आहे, टोळीच्या सरदाराची बायको म्हणजे राणी अशा अर्थाची. बाईचं नाव डेनेरिस. तरी पोरींना डेनेरिसपेक्षा खलीसी हेच जास्त ठेवलं गेलं, २०१८ ला एकट्या अमेरिकेत ५६० मुलींना. अजून एक, मालिकेसाठी ती टोळीची भाषा ज्यांनी रचली ते डेव्हिड पीटरसन सांगतात की मालिकेतला उच्चारच चुकीचा आहे, त्या भाषेच्या नियमाने तो खाह-ले-सी असा काहीतरी व्हायला हवा. म्हणजे पदवी, ती पण बनावट भाषेतली, ती पण चुकीच्या उच्चाराने. ह्याच मालिकेतलं दुसरं नाव आर्या, ते त्याच वर्षी अमेरिकेत २,५४५ मुलींना ठेवलं गेलं. इतका फरक का? आर्या हे नाव आधीपासून होतं, छोटं, शेवटी आ, त्या काळात मुलींची जी नावं चालत होती त्यांच्या रांगेत अगदी नीट बसणारं, आणि नाव ऐकून मालिका आठवेलच असं नाही. खलीसी ऐकलं की दुसरं काही आठवूच शकत नाही.

ह्याच्यातच मोठा धोका आहे, आणि माझ्या मते नाव "विचित्र" असणं हा धोका नाहीच. धोका हा की गोष्ट अजून संपलेली नसते. आठ वर्षं लोकांनी ज्या राणीला गुलामांना सोडवणारी, आगीतून जिवंत बाहेर येणारी म्हणून डोक्यावर घेतलं, तिनेच शेवटून दुसऱ्या भागात शरण आलेलं अख्खं शहर जाळून टाकलं. ज्यांच्या घरात तोवर खलीसी रांगायला लागली होती त्यांचं काय झालं असेल त्या रात्री! चालू मालिकेतलं नाव ठेवणं म्हणजे अर्धी रहस्यकथा वाचून कोणा एका पात्राला जावई करून घेण्यासारखं आहे, खुनी तोच निघाला तर काय करणार.

अजून एक गोष्ट पटकन सांगून पुढे जातो. बर्गर यांनीच दुसऱ्या एका सहकाऱ्याबरोबर २००९ ला फ्रान्स आणि अमेरिकेतल्या शंभर वर्षांच्या नावांवर अभ्यास केला होता, त्यात दिसलं की जी नावं झपकन वर जातात ती झपकन खाली पण येतात. कारण सोपंय, आईबापांनाच वाटतं की अरे ही तर लाट दिसतेय, आपल्या पोराचं नाव पाच वर्षांत शिळं होईल, आणि ते लांब राहतात. सावकाश वाढलेलं नाव सावकाश म्हातारं होतं.

लाट ओसरल्यावर काय होतं ते बघायचं असेल तर केविन बघा. हे बनावट नाव नाहीच, आयर्लंडमधलं जुनं संताचं नाव आहे. पण १९९० च्या आसपास हॉलिवूडचे सिनेमे, 'होम अलोन'मधला घरात एकटा राहिलेला तो खट्याळ पोरगा केविन, सगळं एकदम आलं आणि १९९१ ला केविन फ्रान्स आणि जर्मनी दोन्हीकडे मुलांच्या नावात सगळ्यात वर. मग वरच्या वर्गातले लोक नाक मुरडायला लागले, की ही टीव्ही बघून नावं ठेवणाऱ्यांची पोरं. जर्मनीत तर 'केविनिझम' असा टोमण्याचा शब्दच झाला, आणि २००९ ला ओल्डेनबर्ग विद्यापीठातल्या एका अभ्यासात शिक्षकांना नावांबद्दल विचारलं तर केविन म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यासमोर दंगेखोर, अभ्यासात मागे असं मूल यायचं, एका शिक्षकाने लिहून दिलं की केविन हे नाव नसून रोगाचं निदान आहे. पोराने वर्गात पाऊल ठेवायच्या आधी! लोक म्हणतात नावाने नुकसान होतं, पण नीट बघितलं तर नुकसान नाव नाही करत, नाव ऐकून आईबापांची ऐपत आणि शिक्षण ताडणारी माणसं करतात, नाव फक्त चहाडी करतं. आणि तेही कायमचं नाही, १९८९ ला जन्मलेले केविन क्यूनर्ट २०२१ मधे जर्मनीतल्या सत्ताधारी पक्षाचे सरचिटणीस झाले.

कायद्याचं काय, हे लोक फार विचारतात. ह्यात देशादेशात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फ्रान्समधे १८०३ चा कायदा होता, नाव एकतर कॅलेंडरातल्या संतांचं नाहीतर प्राचीन इतिहासातलं, बस. तो १९९३ ला सैल झाला, आता आईबाप काहीही ठेवू शकतात पण नोंदणी करणाऱ्याला वाटलं की मुलाच्या हिताचं नाही तर तो प्रकरण वर पाठवू शकतो. तसं एका मुलीचं नाव नुटेला ठेवलेलं, ते कोर्टात गेलं, आईबाप आलेच नाहीत, कोर्टाने नुसतं एला करून टाकलं. न्यूझीलंडमधे नाव शिवी नको, अवाच्या सवा लांब नको आणि अधिकृत पदवीसारखं नको, त्यामुळे किंग, प्रिन्स असली नावं तिथे दरवर्षी नाकारली जातात. (खलीसी पण राणीच की! पण त्या राज्याचं गॅझेट निघत नाही.) जपानमधे वेगळीच भानगड, तिथे चिनी अक्षरं एक आणि वाचायचं भलतंच काहीतरी, कार्टूनमधल्या नावासारखं वगैरे, अशी चमचमती नावं फार झाली म्हणून मे २०२५ पासून नावाचा उच्चारही कुटुंबाच्या नोंदवहीत लिहावा लागतो आणि तो अक्षरांशी काहीतरी नातं सांगणारा लागतो.

आणि कॉपीराइट? इथे भलताच गोंधळ आहे आणि तो सरकारी ऑफिसातही आहे. २०२४ ला ब्रिटनमधे एका खलीसी नावाच्या मुलीचा पासपोर्ट अडकला, कारण कोणीतरी सांगितलं की हे नाव कंपनीचा ट्रेडमार्क आहे, कंपनीची परवानगी आणा. नंतर त्या खात्याने माफी मागितली, चूक झाली म्हणून. साधं गणित असं आहे: एकट्यादुकट्या नावाला सहसा कॉपीराइट मिळत नाही, तो कथेला, संवादांना, चित्राला असतो. ट्रेडमार्क असतो तो धंद्यासाठी, म्हणजे त्या नावाने टीशर्ट, खेळणी, दागिने विकायचे असतील तर. मूल ही विकायची वस्तू नाही, त्यामुळे नाव ठेवल्याने कोणाचा ट्रेडमार्क मोडत नाही. हां, उद्या तीच पोरगी मोठी झाली आणि स्वतःच्या नावाने कपड्यांचा ब्रँड काढायला गेली तर मात्र वकिलाची पायरी चढावी लागेल, हे डोक्यात असू द्या.

उलटंही होतं बरं का, आणि ते जास्त वाईट. अलेक्सा हे साधं सुंदर चालतं नाव होतं, २०१५ च्या सुमाराला अमेरिकेत पहिल्या पन्नासात होतं, मग घराघरात अमेझॉनची ती बोलणारी डबी आली आणि काही वर्षांत नाव शेकडो जागा खाली घसरलं. त्या मुलींच्या आईबापांनी काहीच "वेगळं" केलेलं नव्हतं. नाव कंपनीने उचललं आणि आता येता जाता कोणीही तिला म्हणतं, अलेक्सा, गाणं लाव.

आता कुत्र्या-मांजरांबद्दल. इथे माझं मत एकदम मोकळं आहे, वाट्टेल ते ठेवा. कुत्र्याला नोकरीचा अर्ज करायचा नसतो. माझ्या ओळखीत थॉर (म्हणजे गडगडाटाचा देव) नावाचा कुत्रा आहे, तो ढग गडगडले की पलंगाखाली जातो, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच, पण त्याचं कोणालाच वाईट वाटत नाही, त्याला तर मुळीच नाही. मुलांच्या बाबतीत जी नावं कानाला टोचतात, गँडाल्फ, च्युबाका, ग्रूट, ती प्राण्यांना म्हणूनच बिनधास्त जातात. प्राण्याचं नाव हे हाक मारणाऱ्याचं असतं, मुलाचं नाव हे मुलाचं असतं, सगळा फरक इथेच.

पण त्यांना नाव कळतं का? कळतं. जपानमधल्या संशोधक आत्सुको साइतो यांच्या गटाने २०१९ ला दाखवलं की घरातली मांजरं आपलं नाव तशाच लांबीच्या दुसऱ्या शब्दांपासून वेगळं ओळखतात, अनोळखी माणसाने म्हटलं तरी. ओळखूनही येत नाहीत ती गोष्ट वेगळी. कुत्र्यांवर त्याच वर्षी मेरीलँड विद्यापीठात काम झालं, मागे गलबला चालू असताना सुद्धा कुत्रे आपलं नाव पकडतात. म्हणून नाव निवडताना एकच पथ्य, मोकळ्या मैदानात चारदा ओरडून बघा. दोन अक्षरी, ठसठशीत नाव चांगलं, आणि ते तुमच्या हुकुमांसारखं ऐकू येता कामा नये, ज्याला तुम्ही दिवसभर 'नो' म्हणून दटावणार त्याचं नाव 'बो' किंवा 'जो' ठेवलंत तर त्या बिचाऱ्याला कळणार कसं की हाक आहे की ओरडा. डेनेरिस नाव ठेवलं तरी तिसऱ्या दिवशी ती डॅनी होणारच आहे.

प्राण्यांच्या बाबतीत खरी भानगड नाव उचलण्यात नाही, जात उचलण्यात आहे. २०१४ ला एक अभ्यास झाला होता, कुत्रा असलेला सिनेमा गाजला की त्या जातीच्या कुत्र्यांची मागणी पुढे दहा दहा वर्षं वाढलेली राहते. १९४३ ला लॅसी नावाच्या कोली कुत्रीचा सिनेमा आला आणि दोन वर्षांत कोली जातीच्या नोंदणीत ४० टक्क्यांची भर पडली. गेम ऑफ थ्रोन्समधल्या लांडग्यांसारखे दिसतात म्हणून लोकांनी हस्की कुत्रे घेतले, ते दिवसभर पळायला बनलेलं जनावर, फ्लॅटमधे घर फाडायला लागलं की सोडून दिलं, शेवटी २०१७ ला मालिकेतल्या पीटर डिंक्लेज यांना जाहीर आवाहन करावं लागलं की बाबांनो मालिका आवडली म्हणून हस्की घेऊ नका. त्यापेक्षा रस्त्यावरचं पिल्लू आणा आणि त्याला लांडग्याचं नाव ठेवा ना!

मुलांसाठी मी मित्रांना दोनच गोष्टी सांगतो. एक, ते नाव मनातल्या मनात पन्नाशीच्या डॉक्टरला लावून बघा, आणि मग चोरी केली म्हणून पकडलेल्या माणसाला लावून बघा, दोन्हीकडे हसू आलं नाही तर चालेल. दोन, गोष्टीतलं आवडलंच असेल तर गोष्ट संपेपर्यंत थांबा, आणि तेवढं थांबणं शक्य नसेल तर निदान दुसरं नाव म्हणून ठेवा, पोराला पुढे हवं तर वापरेल नाहीतर लपवेल.

आणि कोणी म्हणालं की गेममधलं नाव मुलीला ठेवणं म्हणजे अतीच झालं, तर त्याला झेल्डाची साखळी सांगा. अभिनेते रॉबिन विल्यम्स यांनी १९८९ ला मुलीचं नाव झेल्डा ठेवलं ते व्हिडिओ गेममधल्या राजकन्येवरून. १९८६ च्या त्या गेममधल्या राजकन्येला नाव मिळालं ते झेल्डा फिट्झजेराल्ड ह्या लेखिकेवरून. आणि ह्या झेल्डाबाई जन्मल्या १९०० ला, त्यांच्या आईला वाचनाचा नाद होता, आणि तिने मुलीचं नाव उचललं होतं म्हणे एका कादंबरीतल्या नायिकेवरून.